गाविलगडाच्या युद्धाला मंजुरी कुणाची?

चिखलदऱ्याला आलेली माणसं भीमकुंड बघतात, पंचबोल पॉइंटवर आरोळ्या ठोकतात, देवी पॉइंटला हात जोडतात आणि वेळ उरलाच तर गाविलगडाकडे वळतात. गडात ती उत्तरेकडून, पठाराच्या अंगानं शिरतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी सकाळी दहाच्या सुमाराला कर्नल स्टीव्हन्सनच्या पलटणी याच अंगानं आत घुसल्या होत्या. ती लढाई, किल्लेदार बेनीसिंग, पडलेला तट, एवढं वऱ्हाडात बऱ्याच जणांना ठाऊक असतं. या युद्धाची कागदोपत्री बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. इंग्रजांना हे युद्ध करायला मंजुरी कुणी दिली होती?

हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या जमान्यातला वाटेल. पण १८०३ मध्येही तो होता, आणि नुसता नीतीचा नव्हता. तो लंडनच्या पार्लमेंटनं केलेल्या कायद्याचा होता.

त्या कायद्याला कारण झाले होते मराठेच. १७७५ साली मुंबईकर इंग्रजांनी कलकत्त्याला न विचारता राघोबादादाशी सुरतेचा तह केला आणि पुण्याच्या कारभाऱ्यांशी युद्ध अंगावर घेतलं. कलकत्त्याच्या कौन्सिलनं तो तह नामंजूर केला, कर्नल अप्टनला पाठवून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मग ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांनी पसंती कळवली ती सुरतेच्याच तहाला! एका कंपनीची तीन तोंडं तीन दिशांना. पुढं १७७९ साली वडगावला इंग्रज फौजेची नामुष्की झाली आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहानं प्रकरण मिटलं. हाती फारसं काही न लागता पैसा मात्र पाण्यासारखा गेला. त्याच वर्षी हाउस ऑफ कॉमन्सनं ठराव केला, की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे या राष्ट्राच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला सोडून आहे. ब्रिटिश पंतप्रधान पिटच्या १७८४ च्या कायद्यात तो ठराव कलम होऊन बसला आणि १७९३ च्या सनदी कायद्यात पुन्हा आला. लंडनच्या डायरेक्टरांचा किंवा त्यांच्या गुप्त समितीचा स्पष्ट हुकूम असल्याशिवाय गव्हर्नर जनरलनं कुठल्याही देशी राजाशी युद्ध पुकारायचं नाही, युद्धासाठी तह करायचा नाही, कुणाच्या मुलखाची हमी घेणाराही तह करायचा नाही.

कलम कडक होतं. पण त्याला एक अपवाद जोडलेला होता. हिंदुस्थानातल्या इंग्रजांवर, किंवा तहानं ज्याच्या मुलखाची हमी घेतली आहे अशा राजावर, कुणी हल्ला केला असेल किंवा हल्ल्याची प्रत्यक्ष तयारी चालवली असेल, तर लंडनची वाट बघायला नको. हिंदुस्थानातून पत्र जहाजानं लंडनला जायला चार-सहा महिने, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. तेव्हा अपवाद ठेवणं भागच होतं. पण ‘तयारी’ कशाला म्हणायचं, हे ठरवायचं कुणी? ज्याला युद्ध करायचं आहे त्यानंच.

आता मराठ्यांकडची व्यवस्था बघा. तिथंही मंजुरीची उतरंड होती, पण ती कायद्याच्या पुस्तकात नव्हती, रिवाजात होती. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडून यायची. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले हे आपापल्या मुलखात जवळजवळ स्वतंत्र, तरी नावाला दौलत एक. मोठा तह पेशव्यानं या सरदारांना न विचारता करू नये, ही त्यांची अपेक्षा. तोंडी रिवाजाची एक अडचण असते. तो मोडला तर दाद मागायची कुणाकडे?

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरानं हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला त्यानं इंग्रजांशी तह केला. कंपनीची फौज पुण्यात राहील, तिच्या खर्चासाठी पेशवा मुलूख तोडून देईल. दुसऱ्या कुणाशी बोलणी लावण्याआधी पेशव्यानं कंपनीचा सल्ला घ्यायचा, दुसऱ्या राज्यांशी तंटा झाला तर निवाडा कंपनी करील. म्हणजे युद्ध करायला परक्याची परवानगी लागणारा पहिला पेशवा हा बाजीराव. ती अट त्यानं स्वतःच्या सहीनं पत्करली.

त्याच तहानं दुसरंही एक काम केलं. कंपनी पेशव्याच्या मुलखाची हमीदार झाली. म्हणजे आता कुणी पेशव्याविरुद्ध ‘तयारी’ केली, की १७९३ च्या कायद्यातला अपवाद लागू! हमीचा तह लंडनला विचारल्याशिवाय करू नये, असं कलम सांगत होतं. तो तह करून टाकला आणि त्याच्याच जोरावर युद्धालाही मोकळीक काढली. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याला कायदा मोडायचा नव्हता. कायद्याला वळसा घालायची वाट त्यानं वसईत बांधून घेतली, असं माझं मत आहे.

दौलतराव शिंद्याची तक्रार पोकळ नव्हती. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी शिंदे दोन्ही बाजूंचा जामीनदार होता. इंग्रजांनीच त्याला ती जागा दिली होती. मग वीस वर्षांनी पेशवा आणि इंग्रज दुसरा तह करतात आणि महादजीच्या वारसाला विचारतही नाहीत, हे कसं? इंग्रजांचं उत्तर सरळ होतं: पेशवा मुखत्यार आहे, शिंदे त्याचा सरदार, सरदारानं धन्याच्या तहाला हरकत घेऊ नये. गंमत अशी, की याच ‘सरदारा’च्या छावणीत इंग्रजांनी आपला रेसिडेंट ठेवला होता आणि पुढं त्याच्याशी स्वतंत्र राजा म्हणून तहही केला.

तो रेसिडेंट म्हणजे कर्नल जॉन कॉलिन्स. २८ मे १८०३ रोजी त्यानं शिंद्याला रोखठोक विचारलं, तुमचा बेत काय? शिंदे म्हणाला, भोसल्यांची भेट होऊ द्या, मग युद्ध की सलोखा ते कळवू. तरुण दौलतरावाची ही फटकळ वाक्यं इंग्रजांना सोन्याच्या मोलाची ठरली. कॉलिन्सनं ती लिहून पाठवली आणि ‘तयारी’चा पुरावा म्हणून ती पुढं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. जूनच्या आरंभी मलकापूर-बोदवडच्या टापूत शिंदे आणि रघुजी भोसले (दुसरे) यांची भेट झाली. दोघांच्या फौजा इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाच्या सरहद्दीला लागून होत्या. होळकर यायचा होता, तो आला नाही. हडपसरला ज्याला बुडवलं त्याच्या मदतीला तो कशाला धावेल?

पावसाळाभर पत्रं चालली. २६ जूनला रिचर्डनं आपला धाकटा भाऊ आर्थर याला दख्खनमध्ये युद्ध आणि तह दोन्हींचे पूर्ण अधिकार दिले. पार्लमेंटनं ज्या अधिकाराला एवढं जपलं होतं, तो लंडनहून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून नगर जिल्ह्यातल्या वाळकीच्या छावणीत एका ३४ वर्षांच्या मेजर जनरलच्या तंबूत येऊन पडला. आर्थरचं म्हणणं, तुमचे हेतू शांततेचे असतील तर फौजा सरहद्दीवरून हलवा. शिंदे-भोसले म्हणाले, आमच्या मुलखात आम्ही फौज कुठं ठेवायची हे तुम्ही कोण सांगणार? ३१ जुलैच्या सुमाराला त्यांनी तोड काढली: आम्ही बऱ्हाणपूरला मागं जातो, तुम्ही आपल्या फौजा मुंबई, मद्रास, श्रीरंगपट्टणला न्या. कॉलिन्सनं नाही म्हटलं. मराठे पन्नास-साठ मैल मागं जाणार आणि इंग्रज शेकडो मैल, मग परत येणं कुणाला सोपं? आर्थरचा हा हिशोब बरोबर होता. पण शिंद्याच्या बाजूनंही बघा. तो आपल्याच मुलखात मागं सरकत होता. इंग्रज ज्या जागा सोडणार होते, त्या त्यांच्या नव्हत्याच.

३ ऑगस्टला कॉलिन्सनं छावणी सोडली आणि ६ ऑगस्टला आर्थरनं शिंद्याला पत्र लिहिलं. आशय असा, की मी बरोबरीच्या नात्यानं सलोखा देऊ केला, तुम्ही युद्ध पत्करलं, परिणामांचे धनी तुम्ही. कुठल्याही काळातलं युद्धाच्या जाहीरनाम्याचं पत्र काढून बघावं, हेच तीन भाग सापडतात. ८ ऑगस्टला अहमदनगरच्या पेठेवर शिड्या लागल्या, १२ ला किल्ला पडला. तोपर्यंत शिंदे-भोसल्यांनी कंपनीच्या किंवा पेशव्याच्या मुलखावर एक गोळी झाडलेली नव्हती.

पुढचं भराभर घडलं. २३ सप्टेंबरला असईला आर्थर जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली-जखमी झाली. शिंद्याच्या तोफखान्याबद्दल कॉलिन्सनं आधीच सावध केलं होतं. उत्तरेत जनरल लेकनं ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई मारली, १ नोव्हेंबरला लासवारीची. ऑक्टोबरात कटक पडलं, बऱ्हाणपूर आणि असीरगडही गेले. ही यादी जरा थांबून वाचावी. युद्ध म्हणे पुण्याच्या पेशव्याच्या रक्षणासाठी. हातात आलं ते दिल्ली, आग्रा, दुआब आणि ओडिशाचा किनारा. कटक भोसल्यांचं होतं आणि ते घेतल्यानं बंगाल व मद्रास हे कंपनीचे दोन इलाखे किनाऱ्यानं जोडले गेले. पेशव्याला वाचवायला कटक कशाला लागतं?

नोव्हेंबरात शिंद्यानं वेगळं होऊन तहकुबी मागितली आणि २३ तारखेला ती झाली. भोसले तिच्यात नव्हते. शिंद्याच्या फौजेनं अचलपूरच्या पूर्वेला वीस कोस हटायचं, ही अट. ती पाळली गेली नाही. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर पोचला, तर रघुजीचा भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, फौज मांडून उभा आणि शेजारी शिंद्याचं घोडदळही. शिंद्याचे वकील छावणीतच होते. ते म्हणाले, तहकुबी आहे, चालून जाऊ नका. आर्थरचं उत्तर, अट मोडली ती तुम्ही. या एका मुद्द्यावर मी आर्थरच्या बाजूनं आहे. तहकुबीत एक पाय आणि रणात दुसरा, हे दौलतरावाला शोभलं नाही आणि परवडलंही नाही. सुरुवातीला तोफांच्या माऱ्यानं कंपनीच्याच देशी पलटणी पळत सुटल्या होत्या; आर्थरनं स्वतः पुढं होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणलं. स्टीव्हन्सन इतका आजारी, की तो हत्तीवर बसून लढाईत होता. संध्याकाळपर्यंत भोसल्यांच्या तोफा गेल्या, पायदळ फुटलं आणि त्यातलं बरंचसं गाविलगडाच्या आश्रयाला आलं.

गाविलगड हा १४२५ च्या सुमाराचा अहमदशहा बहामनीचा किल्ला. पुढं इमादशाहीनं तो मजबूत केला. त्याचे दोन भाग आहेत. आतला किल्ला दक्षिणेकडं तोंड करून, मैदानावर थेट कोसळणाऱ्या कड्यांवर. बाहेरचा किल्ला उत्तर आणि वायव्य अंग झाकतो. दोघांच्या मध्ये घळ. दक्षिणेच्या वाटेनं तोफा चढवणं अशक्य. राहिली ती उत्तरेची वाट, लाबाडा गावाकडून दरवाजाशी येणारी. पण लाबाड्याला पोचायचं तर अचलपूरकडून डोंगर फिरून, मेळघाटाच्या जंगलातून, सुमारे तीस मैल जायचं. ७ डिसेंबरपासून स्टीव्हन्सनच्या माणसांनी त्या वाटेवर रस्ता खोदत तोफा ओढल्या. बैल कामाला येईनात तिथं शिपायांनी दोराला हात घातला. डोंगर चढायचा, दरीत उतरायचं, पुन्हा चढायचं. १२ तारखेच्या रात्री मोर्चे तयार झाले, १३ ला सकाळी मारा सुरू झाला, १४ ला रात्री भगदाडं वापरण्याजोगी झाली. आर्थर खाली दक्षिणेला देवगावच्या बाजूला होता. त्याच्याकडच्या तोफांचा त्या उंच तटावर काही परिणाम होईना.

१५ ला कर्नल केनीची तुकडी बाहेरच्या किल्ल्याचं भगदाड चढली. त्याच वेळी आर्थरच्या फौजेतून वॉलेस दक्षिण दरवाजाकडं आणि चाल्मर्स वायव्य दरवाजाकडं निघाला. चाल्मर्स पोचला तेव्हा आतली माणसं त्याच दरवाजातून बाहेर पळत होती. दोन संगिनींच्या मध्ये ती सापडली. आतल्या किल्ल्याला मात्र भगदाड पडलेलंच नव्हतं. दरवाजे बंद, वरून बंदुका चालू. तेव्हा कॅप्टन कॅम्बेल ९४ व्या पलटणीच्या लाइट कंपनीचे शिपाई घेऊन घळीत उतरला, पलीकडचा चढ चढला, तटाला शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. त्यानंतर लढाई उरली नाही, कत्तल उरली. दरवाजाजवळच्या प्रेतांच्या ढिगात बेनीसिंगाचा देह सापडला. कंपनीकडची मेली-जखमी सव्वाशेच्या आसपास. गडातली किती, ते मोजत कुणी बसलं नाही.

आज गडात फिरताना हे सगळं पायांना कळतं. बाहेरच्या किल्ल्यातून आतल्या किल्ल्याकडं जाताना वाट खाली घसरते आणि पुन्हा चढते. दिल्ली दरवाजासमोर उभं राहिलं, की आपण चहूबाजूंनी माऱ्यात आहोत हे सैनिक नसलेल्यालाही समजतं. शिड्या लावून इथं कुणी वर गेलं असेल, यावर चटकन विश्वास बसत नाही.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगावला भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र आणि आर्थर यांच्यात तह झाला. कटक बालासोर बंदरासह गेलं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला. तिथं पिढ्यान्‌पिढ्या निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता, आता एकटा निजाम उरला. गाविलगड आणि नरनाळा मात्र, लगतचा चार लाखांचा मुलूख जोडून, भोसल्यांना परत! दोन दिवसांपूर्वी ज्याच्यासाठी एवढी माणसं मारली, तो किल्ला कागदाच्या एका कलमानं मूळ मालकाकडं गेला. ३० डिसेंबरला शिंद्याचा तह झाला, तोही अमरावती जिल्ह्यातच, सुर्जी अंजनगावला. दिल्लीचं भवितव्य वऱ्हाडातल्या एका गावच्या छावणीत ठरलं.

देवगावच्या तहात आणखी दोन अटी होत्या, त्या या लेखाच्या कामाच्या. इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू असेल अशा कुठल्याही राष्ट्राचा माणूस भोसल्यांनी इंग्रजांच्या संमतीशिवाय चाकरीत ठेवायचा नाही. आणि निजामाशी किंवा पेशव्याशी वाद झाला तर मध्यस्थी आणि निवाडा कंपनी करणार. म्हणजे वर्षभरात पेशव्यापाठोपाठ नागपूरकरही परवानगीच्या साखळीत आले. रघुजी पुढं इतका हात आखडून राहिला, की लोक त्याला ‘बडा बनिया’ म्हणू लागले. एका युद्धात राज्याचा तिसरा हिस्सा गमावलेला माणूस दिडक्या मोजणार नाही तर काय करील? त्यात १८०३-०४ चा दुष्काळ. फौजांनी तुडवलेल्या वऱ्हाडात ज्वारी कुठून मिळणार?

आणि लंडन? लंडनमध्ये या युद्धावर विचार सुरू झाला तेव्हा युद्ध संपलेलं होतं. कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे यानं १८०४ च्या मार्चमध्ये वसईच्या तहावर सविस्तर टिपण लिहिलं. मराठ्यांच्या भांडणात हमीदार म्हणून शिरल्यावर आपल्याला सतत युद्धच करत राहावं लागणार नाही का, असा त्याचा रोख होता. त्याला उत्तर आर्थरनं लिहिलं. एप्रिल १८०५ मध्ये फिलिप फ्रान्सिसनं कॉमन्समध्ये १७८२ च्या ठरावाची आठवण करून देणारा प्रस्ताव आणला. तो पडला. डायरेक्टर मात्र रिचर्डवर संतापलेले होते, आणि त्यात खर्चाची बाब मोठी होती. १८०४ मध्ये होळकराशी नवं युद्ध उपटलं आणि त्यात इंग्रजांना मारही बसला. मग १८०५ साली म्हाताऱ्या कॉर्नवॉलिसला पाठवून रिचर्डला परत बोलावलं. जिंकलेली दिल्ली, कटक, दुआब मात्र कुणी परत केलं नाही.

ठीक दोनशे वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटननं इराकवर चाल केली. सुरक्षा परिषदेचा नवा ठराव मिळत नव्हता, तो मिळवल्याशिवायच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेत बळाचा वापर मना आहे आणि कलम ५१ चा अपवाद आहे स्वसंरक्षणाचा, तोही सशस्त्र हल्ला झाला तर. ‘तयारी’ हा शब्द त्या कलमात नाही. १७८४ च्या कायद्यापेक्षा सनद तेवढी कडक आहे. तरी २००३ साली चर्चा फिरली ती इराकनं कसली तयारी केली आहे याभोवतीच. भारतानंही १९६१ मध्ये गोव्यात फौज घातली तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आला आणि सोव्हिएत व्हेटोनं तो पडला. गोव्याची बाजू मला न्याय्य वाटते. पण ती न्याय्य होती म्हणून आपण तिथं सुटलो नाही. व्हेटोनं सुटलो, हेही मान्य करायला हवं.

मग राष्ट्रानं युद्धाआधी बाहेरची मंजुरी घ्यावी का? १८०३ चा दाखला बघता मला वाटतं, घ्यावी, आणि अपवाद कधी लागू होतो हे ठरवणारा माणूस युद्ध करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. वाळकीच्या तंबूत तो एकच होता. शिंद्याचं उद्धट वाक्य पुरावा झालं, बऱ्हाणपूरला मागं जायची तयारी पुरावा झाली नाही, कारण तोलणारा तिसरा कुणी नव्हता. असा तिसरा असता तर गाविलगड वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण निदान सालबाईचा जामीनदार कोण होता, हा प्रश्न कुणीतरी विचारला असता.

रिचर्ड वेलस्लीवर १८०६ पासून पार्लमेंटात अवधच्या कारभारावरून आरोप झाले. १८०८ पर्यंत ते निकालात निघाले आणि तो सुटला. ज्या डायरेक्टरांनी १८०५ साली त्याला परत बोलावलं, त्यांच्याच कंपनीनं १८३७ मध्ये त्याला २०,००० पौंड मंजूर केले आणि १८४१ मध्ये लंडनच्या इंडिया हाउसात त्याचा पुतळा बसवला. गाविलगड भोसल्यांकडून १८१८ च्या उलथापालथीत गेला आणि १८५८ साली, तात्या टोपे येऊन ठाण मांडेल या धास्तीनं, इंग्रजांनीच त्याचा तट पाडला.